नलिकेकडून ट्रान्झिस्टरकडे : ‘क्वाड’च्या तीन विवर्धकांच्या निमित्ताने ध्वनिसमीक्षेच्या भाषेचा विचार

प्रस्तावना

घरगुती ध्वनियंत्रणेतील निर्वात नलिकेचा विवर्धक, म्हणजे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, काढून त्या जागी ट्रान्झिस्टरचा विवर्धक बसविणे ही वरकरणी केवळ तांत्रिक बाब आहे. परंतु या स्थित्यंतराभोवती जी समीक्षा निर्माण झाली, तिने नलिकेच्या आवाजाला ‘उबदार’, ‘भरीव’, ‘गोड’ आणि ट्रान्झिस्टरच्या आवाजाला ‘थंड’, ‘कोरडा’, ‘टोचणारा’ ही विशेषणे जणू कायमची बहाल केली. ही विशेषणे ऐकलेल्या आवाजाचे वर्णन करतात, की घटकाच्या जातीवरून आधीच ठरलेला निवाडा उच्चारतात, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. मराठीत तर ‘ट्रान्झिस्टर’ हा शब्द घटकापेक्षा हातात धरून नेण्याच्या छोट्या रेडिओसाठीच अधिक रूढ झाला. त्या रेडिओच्या लहानशा ध्वनिक्षेपकाचा किरटा आवाज पुढे शब्दालाच चिकटला असल्यास नवल नाही.

तीन विवर्धक, एक उत्पादक

या विचारासाठी इंग्लंडमधील हंटिंग्डन येथील ‘क्वाड’ या उत्पादकाचे उदाहरण उपयुक्त ठरते. कारण येथे पीटर वॉकर यांच्याच नेतृत्वाखाली दोन्ही प्रकारचे विवर्धक घडले. १९५३ सालचा ‘क्वाड २’ हा केटी ६६ या दोन नलिकांच्या जोडीवर चालणारा, १५ वॅट शक्तीचा विवर्धक. स्टिरिओसाठी असे दोन लागत. बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला असला तरी क्वाडचा ट्रान्झिस्टरवरील ‘३०३’ हा विवर्धक १९६७ साली आला. त्याची शक्ती प्रत्येक बाजूस ४५ वॅट होती. १९७५ साली १०० वॅटचा ‘४०५’ आला. १५ वरून ४५ वॅट ही तिप्पट वाढ भासते. पण डेसिबलच्या परिमाणात ती ४.८ एवढीच भरते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

जुन्या निवाड्याचा आधार

ट्रान्झिस्टरविषयीची आरंभीची तक्रार निराधार नव्हती. अशा विवर्धकात ध्वनिलहरीचा धन भाग एक ट्रान्झिस्टर व ऋण भाग दुसरा सांभाळतो. एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपविले जाताना, म्हणजे लहर शून्यातून जात असताना, खंड पडला की विकृती निर्माण होते. आवाज लहान झाला तरी ही विकृती त्या प्रमाणात लहान होत नाही. त्यामुळे पूर्ण शक्तीवर मोजलेला विकृतीचा आकडा अत्यल्प असूनही मंद स्वरावर, विलंबित आलापावर किंवा तंबोऱ्याच्या विरत जाणाऱ्या झंकारावर ती प्रकट होते. त्या काळी कान बरोबर होते आणि माहितीपत्रकातील आकडा अपुरा होता. पुढे परिपथांत सुधारणा होऊन हा दोष पुष्कळसा दूर झाला. कारण नाहीसे झाले, निवाडा मात्र राहिला.

दुसऱ्या बाजूने नलिकेच्या गोडव्याचे जे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते, तेही तपासून घ्यावे लागते. नलिका मूळ स्वराच्या दुपटीचा अंश मिसळते. तो वरच्या सप्तकातील षड्जच असल्याने कानाला सुखावतो, असे म्हटले जाते. तिपटीचा अंश पंचमाचा, म्हणून तोही संवादी. सातवा अंश मात्र कोमल निषादाहूनही उतरलेला, म्हणून खटकणारा. हा विचार संगीतदृष्ट्या मार्मिक आहे. पण क्वाड २ सारख्या परिपथात दोन नलिका परस्परविरुद्ध दिशांनी काम करतात व दुपटीसारखे सम अंश बव्हंशी एकमेकांना छेदून टाकतात. तेव्हा या यंत्राचा गोडवा त्या अंशांच्या खाती जमा करता येत नाही.

गुण घटकाचा की संयोगाचा?

ऐकू येणाऱ्या फरकाचे एक अधिक भक्कम कारण विवर्धक आणि ध्वनिक्षेपक यांच्या संयोगात आहे. ध्वनिक्षेपकाचा संरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. समजा, तो ६ ते २४ ओहम यांदरम्यान बदलतो. विवर्धकाचा स्वतःचा निर्गत संरोध १.५ ओहम असल्यास काही स्वर इतरांपेक्षा सुमारे १.४ डेसिबलने उचलले जातील, तोच ०.१ ओहम असल्यास हा फरक सुमारे ०.१ डेसिबलच राहील. नलिकेच्या विवर्धकात निर्गत रोहित्रामुळे व अल्प फीडबॅकमुळे पहिली स्थिती अधिक आढळते. म्हणजे ‘ऊब’ ही पुष्कळदा स्वरांच्या समतोलातील लहानशी ढळ असते, आणि ध्वनिक्षेपक बदलताच तिचे रूपही पालटते.

शक्तीची मर्यादा ओलांडतानाही फरक पडतो. रसेल हॅम यांनी १९७३ साली मायक्रोफोनच्या पूर्वविवर्धकांच्या संदर्भात अतिभाराच्या अवस्थेतील विकृतीकडे लक्ष वेधले. हा मुद्दा मोलाचा आहे. परंतु ध्वनिमुद्रणकक्षातील तो निष्कर्ष मर्यादेच्या आत वाजणाऱ्या घरगुती यंत्रणेला जसाच्या तसा लावणे युक्त नाही.

चाचण्या व त्यांच्या मर्यादा

१९७८ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात जेम्स मॉयर यांनी क्वाड २, ३०३ व ४०५ यांच्या तुलनात्मक श्रवणचाचणीचा वृत्तांत दिला. यंत्राचे नाव न कळता ऐकणाऱ्यांना तिन्हींत भरवशाने भेद करता आला नाही. तथापि ही चाचणी उत्पादकाच्याच पुढाकारातून झाली होती, आणि भेद सिद्ध न होणे म्हणजे भेद नसणे सिद्ध होणे नव्हे. १९८५ साली बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’च्या समीक्षकांसमोर आपल्या ट्रान्झिस्टर-विवर्धकात फेरफार करून तो एका महागड्या विवर्धकाशी इतका जुळविला की समीक्षकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. ही घटना अधिक बोलकी आहे. तिने फरक नाकारला नाही. फरक असतो, तो मोजता येतो आणि म्हणूनच हलविताही येतो, हे दाखविले.

समारोप

नलिका सोडणाऱ्या श्रोत्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटते, त्याला भ्रम म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. त्याच्या ध्वनिक्षेपकाचा समतोल खरोखरच बदललेला असू शकतो. यंत्र तापेपर्यंत थांबणे, नलिकांचा तो तांबूस उजेड, झिजलेली नलिका बदलण्याची निगा हेही श्रवणाच्या संस्कारात मुरलेले असते. परंतु संस्काराचे मोल आवाजाच्या नावावर मांडले की समीक्षेचे रूपांतर श्रद्धेत होते; आणि एका आकड्यावर सर्व निकाल सोपविला की तीच श्रद्धा प्रयोगशाळेचा पोशाख घालून येते. ध्वनिसमीक्षकाने ‘उबदार’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. कोणत्या ध्वनिक्षेपकासह, किती मोठ्या आवाजात व कोणत्या स्वरक्षेत्रात ती ऊब जाणवली, एवढे सांगण्याची जबाबदारी मात्र त्याने स्वीकारली पाहिजे.