लघवीची पट्टी काय सांगते, काय नाही?

संशोधनाच्या आराखड्यात हमखास दिसणारं एक वाक्य घेऊ: ‘लघवीत प्रथिन आढळलेल्यांना मूत्रपिंडाचा दाह आहे, असे मानले जाईल.’ लिहायला सोपं आहे, पण ते दोन्हीकडून फसवतं. कसं ते बघा.

समजा, पावसाळ्यात तुम्ही देवबागात तपासणीला गेलात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये चिंचोळं गाव. सकाळभर जाळी ओढून आलेल्या माणसाच्या लघवीत पट्टी बुडवली आणि ती हिरवी झाली. म्हणजे दाह? नाही. दिवसाला 150 मिलिग्रॅमपर्यंत प्रथिन निरोगी माणसाच्या लघवीतूनही जातं. पट्टी दिवसभराचं प्रमाण सांगत नाही, त्या नमुन्यातली तीव्रता सांगते. पाणी कमी प्यायलं, लघवी दाट झाली की रंग गडद. ताप, अंगमेहनत यांनीही प्रथिन तात्पुरतं वाढतं. मधुमेहात ते टिकून राहतं, पण तिथे मूळ दुखणं रक्तातल्या साखरेचं असतं.

आता उलटी बाजू, जी जास्त धोक्याची. सिंधुदुर्गाला लेप्टोस्पायरोसिस नवा नाही. उंदरांच्या मुतातले जंतू भातलावणीच्या चिखलात येतात, पायाच्या जखमेतून शिरतात आणि मूत्रपिंडाच्या नलिकांपर्यंत पोचतात. दाह होतो तो मुख्यतः नलिकांभोवती. रक्त गाळणारी चाळण बऱ्याचदा शाबूत असते. त्यामुळे अल्ब्युमिन फारसं गळत नाही. गळतात ती छोटी प्रथिनं, जी एरवी नलिका परत शोषून घेतात. आणि पट्टी ओळखते प्रामुख्याने अल्ब्युमिन! म्हणजे ज्याला शोधायला निघालात, तोच ‘निरोगी’च्या रकान्यात जाऊ शकतो. एकदा तिथे गेला की त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन कोण तपासणार?

मग करायचं काय? शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्या. अल्ब्युमिन आणि एकूण प्रथिन, दोन्हींचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढा. दुसरं बरंच वाढलेलं आणि पहिलं जेमतेम असेल, तर संशय नलिकांवर घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघा, रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. आजार जुनाट म्हणायचा असेल तर बिघाड 3 महिन्यांहून अधिक टिकला हे दाखवा.

एवढा निधी नसेल, तर निष्कर्ष आखूड ठेवा: ‘पट्टीवर प्रथिन आढळले.’ बस्स. ‘दाह’ हा शब्द लिहायचा, तर त्याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो.