ऋतुचक्र, कीटक आणि नोंदवही

मराठी ललित निबंधातून अलीकडे एक सूर वारंवार कानी येतो. काजवे दिसत नाहीत, पहिल्या पावसानंतर निघणारे मखमली लाल किडे दिसत नाहीत, दिव्याभोवतीची पाखरे नाहीशी झाली, असे हे लेखन सांगते. दिवाळी अंकांतून आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून असे लेख आम्ही आवडीने वाचतो. त्यांतील हळहळ प्रामाणिक असते याविषयी शंका नाही. मात्र लेख वाचून संपल्यावर कोणता कीटक, कोठे, कोणत्या सालापासून आणि किती कमी झाला, या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर हाती उरत नाही. ही उणीव एकेका लेखकाची नसून आपल्या निसर्गलेखनाच्या परंपरेतच तिचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात तेच थोडे तपासून पाहावयाचे आहे.

या परंपरेचा शिरोमणी ग्रंथ म्हणजे दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६). दुर्गाबाईंचा जन्म १९१० साली आपल्या इंदूरचा. त्यामुळे येथील वाचकांना या ग्रंथाविषयी काकणभर अधिक जिव्हाळा वाटावा हे साहजिकच आहे. महिन्यामागून महिना घेत सृष्टीचे रूप निरखणारा हा ग्रंथ मराठी गद्याचे एक लेणे आहे. झाडे, पाने, फुले, आकाश यांच्याकडे इतक्या बारकाईने पाहण्याची सवय मराठी वाचकाला या ग्रंथाने लावली. संस्कृत काव्यातील ऋतुवर्णनाचा संस्कार आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले तपशील यांचा मेळ त्यात साधला आहे.

परंतु ग्रंथाच्या नावातच त्याची रीत आणि मर्यादा दोन्ही आहेत. चक्र फिरते आणि पुन्हा पहिल्या जागी येते. ‘ऋतुचक्रा’तील वैशाख हा नित्याचा वैशाख आहे, तो अमुक सालचा वैशाख नाही. गेल्या वर्षीच्या आषाढाशी यंदाचा आषाढ ताडून पाहणे हा त्या ग्रंथाचा हेतूच नव्हता, आणि जो हेतू नव्हता त्याबद्दल ग्रंथाला बोल लावणे हे टीकाकाराचे काम नव्हे. प्रश्न आहे तो पुढच्यांचा. दुर्गाबाईंची पाहण्याची एक रीत होती. अनुयायांनी ती एकमेव रीत मानली. बारा महिन्यांचे वर्तुळ आपण पुनःपुन्हा रेखाटले. एकाच महिन्याची बारा वर्षे मात्र कोणी ओळीने मांडली नाहीत. त्यामुळे निसर्गात जे परत येते त्याचे वर्णन मराठीत विपुल आहे. जे दरवर्षी थोडे थोडे घटते किंवा वाढते, त्याला या लेखनात जागाच उरली नाही. ते आठवणीच्या रूपाने तेवढे डोकावते.

आणि आठवण हा या बाबतीत कच्चा साक्षीदार आहे. दिव्याभोवतीच्या पाखरांचेच उदाहरण घ्यावे. एके काळी रस्त्यांवर पाऱ्याच्या वाफेचे निळसर दिवे असत. त्यांतून अतिनील किरण बरेच बाहेर पडत आणि त्या किरणांकडे कीटक ओढले जात. पुढे सोडियमचे पिवळे दिवे आले. त्यांच्याकडे कीटक तुलनेने कमी येतात. २०१५ साली केंद्र शासनाने रस्त्यांवर एलईडी दिवे बसविण्याची देशव्यापी योजना सुरू केली. या दिव्यांतून अतिनील किरण जवळजवळ बाहेर पडतच नाहीत. तेव्हा आज खांबाखाली पाखरांचा सडा पडलेला दिसत नसेल, तर पाखरे कमी झाली की दिवा बदलला? बहुधा दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात. पण कोणता दिवा होता हेच जो निबंध सांगत नाही, त्याच्या आधारे यांपैकी काहीच ठरवता येत नाही.

दुसरे उदाहरण मृगाच्या किड्याचे. आपले पूर्वज देशावरून माळव्यात येताना पंचांग घेऊन आले आणि त्याबरोबर मृग नक्षत्राशी जोडलेली पावसाची अपेक्षाही. माळव्यात मात्र पाऊस सामान्यतः जूनच्या उत्तरार्धात येतो. हिंदीत ज्याला बीरबहूटी म्हणतात तो हा मखमली जीव पहिल्या चांगल्या पावसानंतर जमिनीवर येतो. त्याला नक्षत्राची तिथी ठाऊक नसते. ‘मृग लागला तरी किडा नाही’ हे वाक्य कोकणात लिहिले तर त्याचा एक अर्थ होतो, इंदुरात लिहिले तर दुसरा. शिवाय काटेकोर प्राणिशास्त्राच्या भाषेत हा कीटक नव्हेच. पूर्ण वाढ झाल्यावर त्याला आठ पाय असतात आणि त्याचे नाते कोळ्यांशी आहे. बाल्यावस्थेत मात्र तो इतर कीटकांच्या अंगावर जगतो. म्हणजे त्याची संख्या त्यांच्या संख्येशी बांधलेली. इतकी गुंतागुंत असताना ‘आताशा दिसत नाही’ एवढ्यावर थांबणे म्हणजे विषयाला हात लावून परत फिरणे होय.

तिसरी गोष्ट शेताची. माळव्याच्या काळ्या जमिनीत पूर्वी पावसाळ्यात पुष्कळशी रानें पडीक राहत, काही ठिकाणी ज्वारी असे. १९७० नंतर सोयाबीन आले आणि दोन दशकांत त्याने खरिपाचे चित्र पालटले. १९८७ मध्ये इंदुरात सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही स्थापन झाले. पीक बदलले की कीटक बदलतात. सोयाबीनचे खोड पोखरणारा चक्रभुंगा आणि पाने खाणाऱ्या अळ्या यांना चैन झाली. पडीक रानातील गवतावर आणि रानफुलांवर जगणाऱ्यांचा आसरा गेला. अशा ठिकाणी ‘कीटक कमी झाले’ हे सरसकट विधान अपुरे पडते. काही वाढले, काही घटले आणि फवारणीने दोन्हींवर आघात केला.

याउलट नोंद काय करू शकते, हे जर्मनीतील क्रेफेल्ड या गावाने दाखवले. तेथे १९०५ साली स्थापन झालेली कीटकप्रेमींची एक संस्था आहे. तिचे बहुतेक सभासद हौशी. त्यांनी तंबूच्या आकाराचे जाळीचे सापळे एकाच पद्धतीने लावले, सापडलेले कीटक तोलले आणि आकडे जपून ठेवले. १९८९ ते २०१६ या काळातील ६३ संरक्षित स्थळांच्या या नोंदींवर आधारलेला निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उडत्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत तीन चतुर्थांशाहून अधिक घटले, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर खळबळ माजली. प्रत्येक स्थळी दरवर्षी मोजणी झालेली नव्हती, असा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्तही होता. परंतु आक्षेप घेता येतो तो नोंदीवर. हळहळीवर आक्षेपही घेता येत नाही, ही तिची खरी दुर्बलता आहे.

त्यानंतर २०२० मध्ये १६६ दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमिनीवरील कीटक दर दशकास सुमारे ९ टक्क्यांनी घटत असल्याचे, तर गोड्या पाण्यातील सुमारे ११ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले. सर्वनाशाच्या एकाच कथेत हे चित्र बसत नाही. कीटकांची संख्या पाऊसपाण्यानुसार एका वर्षात दुप्पट होऊ शकते, पुढच्या वर्षी निम्म्यावर येऊ शकते. म्हणून एका वाईट वर्षावरून ऱ्हास ठरत नाही आणि एका चांगल्या वर्षावरून भरभराटही ठरत नाही.

आपल्याकडे नोंदी मुळीच नव्हत्या असे नाही. ज्यांच्यामुळे पीक आणि महसूल बुडतो, अशा कीटकांची नोंद शासन ठेवीतच आले. टोळधाडीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा भारतात १९३९ पासून आहे. २०२० च्या मे महिन्यात राजस्थानातून टोळ मंदसौर-नीमच भागात उतरले तेव्हा त्यांच्या प्रवासाची वार्ता तासातासाला मिळत होती. आमचे आयुष्य शासकीय दप्तरात गेले, म्हणून हे अधिकाराने सांगतो की नुकसानीच्या पंचनाम्यात अळीला रकाना असतो, काजव्याला नसतो. ज्या जिवाच्या असण्याने कोणाचे नुकसान नाही, त्याच्या नसण्याची दखल दप्तर घेत नाही. ही जागा साहित्याने भरावयाची होती.

मारुती चितमपल्लींनी (१९३२–२०२५) तिचा एक भाग भरला. वनखात्याच्या नोकरीत राहून त्यांनी रोजनिश्या ठेवल्या, रानातील माणसांकडून पशुपक्ष्यांची, झाडांची नावे गोळा केली आणि मराठीला शब्दांचे मोठे धन दिले. नावाशिवाय मोजणी होत नाही, म्हणून हे कार्य पायाभूत आहे. पण नावानंतरची पायरी साल आणि संख्या ही आहे. ती मराठी निसर्गलेखनाने अजून चढावयाची आहे.

ललित निबंधाचा तक्ता करा, असे आमचे म्हणणे नाही. निबंधाचे लालित्य तारखेने उणे होत नाही, एवढेच सुचवावयाचे आहे. ‘२००८ च्या आषाढात विहिरीजवळच्या जांभळाखाली रात्री नऊ वाजता वीस काजवे होते’ अशा वाक्याला कालांतराने जे मोल येईल, ते ‘असंख्य काजवे लखलखत’ या वाक्याला कधीच येणार नाही. विशेषणाच्या जागी आकडा आला की पुढच्या पिढीला त्या वाक्याशी आपले वर्ष ताडून पाहता येते.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घराण्यांना या कामी एक दुर्मीळ सोय आहे. चार-पाच पिढ्या एकाच गावात, कित्येकदा एकाच वाड्यात राहिलेली ही माणसे आहेत. जमाखर्चाच्या वह्या, रोजनिश्या, पंचांगाच्या समासातील टिपणे त्यांच्या पेट्यांत आजही सापडतात. पाऊस केव्हा आला, पंख फुटलेल्या वाळव्या कोणत्या रात्री निघाल्या, यांचे ओझरते उल्लेख त्यांत असणे अशक्य नाही. वाडे झपाट्याने विकले जात आहेत आणि वह्या रद्दीत जात आहेत. त्या जाण्यापूर्वी कोणी चाळल्या, तर या नियतकालिकाला नवा लेखनप्रकार मिळेल. आणि ज्यांच्याकडे जुनी वही नाही, त्यांनी येत्या पहिल्या पावसाला नवी सुरू करावी: तीच जागा, तीच वेळ, तोच दिवा आणि समोर दिसेल तेवढाच आकडा.