‘मित्राची गोष्ट’ आणि मित्राचे मत

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले. शीर्षक दोन प्रकारे वाचता येते: मित्रा नावाच्या मुलीची गोष्ट, आणि एका मित्राची गोष्ट. मित्राचे नमावर प्रेम आहे. रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली, त्यामुळे नाटकाविषयी बोलताना आपण साहजिकच मित्राविषयी बोलतो. मला मात्र आज निवेदक बापूविषयी बोलायचे आहे.

बापू भला आहे. मित्राचे गुपित तो सांभाळतो, तिला आणि नमाला भेटायला आपली खोली देतो. पण तो जे काही देतो ते दाराआड देतो. चारचौघांत तिच्या बाजूने उभे राहण्याची वेळ येते तेव्हा त्याच्यापाशी शब्द नसतात. मित्रा आत्महत्या करते. बापू गोष्ट सांगायला उरतो. तेंडुलकर त्याला खलनायक करत नाहीत, आणि मला वाटते नाटकाचे खरे बळ यातच आहे. बापूच्या जागी कोणताही सज्जन प्रेक्षक सहज बसतो.

मी आणि माझा जोडीदार जे. पी. नगरात राहतो. रंगशंकरात नाटक पाहून साबुदाणा वडा खात रेंगाळणारा आमचा मराठी मित्रांचा कंपू आहे. सगळे आम्हाला दोघांना मिळून जेवायला बोलावतात. २६ एप्रिल २०२४ला इथे लोकसभेचे मतदान होते. त्याआधी मी त्यांना म्हटले, मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला आमच्या लग्नाच्या हक्काबद्दल विचारा, आणि उत्तर ऐकून मत द्या. एकजण म्हणाला, “अरे, आम्हाला तुमचं काही वावडं आहे का? पण हा काय निवडणुकीचा मुद्दा आहे?” बापूची खोली पुन्हा एकदा मोकळी करून देण्यात आली होती.

मुद्दा निवडणुकीचा आहे, कारण न्यायालयानेच तो तिकडे पाठवला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाला मान्यता देणे हे संसदेचे काम ठरवले. त्याआधी, एप्रिल २०२२मध्ये, सुप्रिया सुळे यांनी १९५४च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. लोकसभेच्या मुदतीबरोबर ते संपले.

दूरच्या एका देशात हीच मागणी उघडपणे केली गेली. लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे, घराणे मालवण तालुक्यातल्या वराडचे. जानेवारी २०१५मध्ये, आयर्लंडचे आरोग्यमंत्री असताना, त्यांनी आपण समलिंगी असल्याचे रेडिओवर सांगितले. २२ मे रोजी सार्वमत झाले आणि ६२ टक्के मते विवाहाच्या बाजूने पडली. आपले हक्क शेजाऱ्यांच्या मतावर का अवलंबून असावेत, हा प्रश्न मलाही छळतो. तिथे राज्यघटना बदलायला सार्वमत लागतेच. इथे संसद लागते. दोन्हीकडे मोजली जाते ती मनातली माया नव्हे, दिलेले मत.

गेल्या वर्षी जोडीदाराच्या शस्त्रक्रियेआधी एका रुग्णालयाच्या संमतीपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी ‘मित्र’ लिहिले. सही भावाची हवी, असे सांगण्यात आले. भाऊ पुण्याहून येईपर्यंत आम्ही थांबलो. ‘मित्र’ हा शब्द किती प्रेमाचा आणि किती अपुरा आहे, हे तेंडुलकरांच्या शीर्षकाने मला आधीच सांगून ठेवले होते.

म्हणून हे नाटक मित्रासाठी हळहळत वाचू नका. तशी हळहळ बापूलाही येते. तो कुठे गप्प बसला, त्या जागांवर खूण करत वाचा. त्यातली एखादी जागा आपल्या ओळखीची निघाली, तर पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल तेव्हा तोंड उघडा.