दर्शन आणि देखावा : कौसानीच्या निमित्ताने

हिमालयाविषयीच्या आपल्या प्रवासलेखनात एक संकेत रूढ झाला आहे. लेखक पहाटे कुडकुडत सज्जात येतो, ढग सरतात, शिखरे सोनेरी होतात आणि त्याचा अहंकार गळून पडतो. पुढच्या परिच्छेदात तो चहा मागवतो. चहा कोणी आणला, पाणी कोठून आले, हे वाचकाला सहसा कळत नाही. अशा वर्णनांना ‘चित्रमय’ हे विशेषण एकेकाळी मीही मुक्तहस्ताने बहाल केले आहे. कौसानीतील तीन दिवसांच्या मुक्कामात मला त्याचा फेरविचार करावा लागला.

कौसानी हे कुमाऊँमधले, सुमारे १,८९० मीटर उंचीवरचे लहानसे, शांत गाव. खाली कत्यूरी खोरे, समोर त्रिशूल, नंदादेवी, पंचचूली. मी गेलो तेव्हा जूनचा आरंभ होता आणि पहिले दोन दिवस धुरकट हवेने सारी शिखरे झाकून टाकली होती. दृश्यच नाहीसे झाल्यामुळे नजर आपोआप जवळ आली. गवताचे भारे पाठीवर घेऊन चढण चढणाऱ्या स्त्रिया दिसल्या. एरवी त्या माझ्या डोळ्यांसमोरूनच गेल्या असत्या, आणि मी त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहत राहिलो असतो.

सुमित्रानंदन पंतांचा जन्म येथलाच, १९०० सालचा. त्यांचे घर आज संग्रहालय आहे. जन्मानंतर काही तासांतच त्यांची आई गेली. ‘प्रकृतीचा सुकुमार कवी’ ही त्यांची रूढ ओळख या पोरकेपणाला फारसा स्पर्श करीत नाही. पंतांच्या आरंभीच्या काव्यातील निसर्ग मला देखावा वाटत नाही. हरवलेल्या सहवासाची जागा त्याने घेतलेली आहे. म्हणूनच त्यात वर्णनापेक्षा संबोधन अधिक आहे. तथापि याच कवीला श्रमणारी, गांजलेली माणसे ठळकपणे दिसली ती गंगेकाठच्या मैदानातील कालाकाँकरच्या वास्तव्यात, आणि त्यातून १९४० मध्ये ‘ग्राम्या’ आली. जन्मगावच्या सौंदर्यानेच त्या गावातले कष्ट कवीच्या दृष्टीआड केले असतील काय? निर्विवाद उत्तर देता येणार नाही. पण पंतांच्या समीक्षेने हा प्रश्न टाळता कामा नये.

दुसरी वास्तू अनासक्ती आश्रमाची. १९२९ च्या जूनमध्ये गांधीजी येथे राहिले आणि गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाची, ‘अनासक्तियोगा’ची, प्रस्तावना त्यांनी येथे लिहिली. ‘भारताचे स्वित्झर्लंड’ ही कौसानीला दिली जाणारी उपमा त्यांच्या नावावर सांगितली जाते आणि पर्यटनाच्या व्यवहारात ती मिरवतेही. उपमेचे एक वैशिष्ट्य असे की ती मोठेपणा देताना मोजमाप दुसऱ्याचे वापरते. हिमालयालाही परक्या डोंगराचे प्रशस्तिपत्र लागावे, हे चमत्कारिक आहे. येथील मुक्कामाचा खरा अर्थ मात्र त्या प्रस्तावनेत आहे. बर्फाच्छादित शिखरांसमोर बसून त्या माणसाने फळाची आसक्ती सोडून केलेल्या कर्माचा विचार केला. हा ग्रंथ १२ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रेच्या प्रारंभदिनी, प्रसिद्ध झाला. पर्वताकडून मिठाकडे जाणारी ही वाट दर्शनाची आहे. दर्शन माणसाला जागेवर खिळवून ठेवीत नाही, कामाला लावते. १९४६ मध्ये सरला बहन या इंग्लंडहून आलेल्या गांधीअनुयायी बाईंनी पहाडी मुलींच्या शिक्षणासाठी याच गावात लक्ष्मी आश्रम उभा केला, तो याच अर्थाने त्या प्रस्तावनेचा उत्तरार्ध होय.

मराठी वाचकाला या संदर्भात काकासाहेब कालेलकर आठवावेत. साताऱ्यात १८८५ मध्ये जन्मलेल्या या मराठी माणसाने १९१२ मध्ये हिमालयाची पायी यात्रा केली आणि तिचे वर्णन मात्र गुजरातीत लिहिले. आपण एक लेखक गमावला, ही हळहळ रास्तच आहे. पण त्यांच्याकडून घेण्याजोगी दृष्टी आपण घेतली नाही, ही हानी अधिक मोठी. त्यांच्या प्रवासात शिखराइतकीच वाटही मोलाची आहे, आणि वाट म्हटली की सोबती, धर्मशाळा, शिधा, थकवा हे सारे आलेच. पायांनी जाणाऱ्याला माणसे वगळता येत नाहीत. सज्जात उभ्या राहणाऱ्याला ती वगळता येतात, आणि आपल्या अनेक प्रवासवर्णनांची शैली त्या सज्जातच घडली आहे.

तिसऱ्या पहाटे हवा निवळली. त्रिशूलाची टोके दिसली, क्षणभर गुलाबी झाली, मग पांढरी. मीही सज्जातच उभा होतो आणि मला आनंद झाला, हे लपविण्याचे कारण नाही. सौंदर्यावर लुब्ध होणे हा दोष नव्हे. त्या लोभापायी समोरचा उतार निर्मनुष्य करून टाकणे हा दोष आहे. तोच पाहायला मी खाली मान वळविली. कालच्याच चढणीवर भारे चालले होते. यापुढे एखाद्या प्रवासवर्णनाला ‘चित्रमय’ म्हणण्यापूर्वी त्या चित्रात ही चढण आहे की नाही, एवढे मी पाहीन.