गाण्याचा लातूर पॅटर्न

रोहित राऊत हे नाव महाराष्ट्राने पहिल्यांदा ऐकलं ते २००८-०९ मध्ये, झी मराठीच्या ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’मधून. लातूरचा हा मुलगा शेवटच्या पाचांत होता. कार्तिकी गायकवाड जिंकली, बाकीचे तिघे आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे. त्यानंतर अकरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, तोच रोहित ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वाच्या अंतिम फेरीत उभा होता आणि सनी हिंदुस्तानीच्या मागोमाग उपविजेता ठरला. २०२१ मध्ये ‘लिटल चॅम्प्स’ पुन्हा सुरू झालं, तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांवर हेच जुने पाच जण होते. आधी स्पर्धक, मग पुन्हा स्पर्धक, मग परीक्षक. मधल्या काळात तो चित्रपटांसाठी गायला, गावोगावच्या मंचांवर गायला. तरी त्याच्या वाटचालीतले तिन्ही मोठे टप्पे टीव्हीनेच आखलेले आहेत. घराघरांत ओळखीचा झालेला आवाज दहा वर्षांनी पुन्हा ऑडिशनच्या रांगेत का जातो, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. दोष गळ्याचा असता तर त्या दुसऱ्या, देशभरातल्या स्पर्धेत तो दुसरा आलाच नसता.

या प्रश्नाचं उत्तर लातूरकरांना तरी अनोळखी वाटू नये. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून ज्याची ख्याती झाली तो ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे ठरलेल्या अभ्यासक्रमाची कसून तयारी: सराव, पुन्हा सराव, आणि गुणवत्ता यादी. टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा याहून फार वेगळी नसते. तिचा अभ्यासक्रम म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी. आज नाट्यगीत, पुढच्या भागात लावणी, त्यानंतर आर. डी. बर्मन, दोन-तीन मिनिटांत गाणं बसवायचं आणि मूळ गायकाच्या किती जवळ गेलो यावर शाबासकी घ्यायची. या तालमीतून गळा फिरता होतो, कॅमेऱ्याची भीती जाते, वाद्यमेळासोबत गाण्याची सवय लागते. हे फायदे खोटे नाहीत. मात्र आपल्या आवाजाला कोणते शब्द शोभतात, कोणत्या संगीतकाराशी आपलं जमतं, एक नवी चाल महिनोन्‌महिने अंगात मुरवून तिला आपलं कसं करायचं, यावर त्या प्रश्नपत्रिकेत एकही प्रश्न नसतो. आणि पॉप गायकाचं आयुष्य तर नेमकं यावरच चालतं. शिवाय परीक्षेतल्या गुणांच्या पलीकडे मेडिकलची एक जागा तरी वाट पाहत असते. प्रेक्षकांच्या मतांच्या पलीकडे अशी जागा कुणी राखून ठेवलेली नाही.

अभिजीत सावंतचं उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. २००५ मध्ये तो पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला आणि त्याच वर्षी सोनी बीएमजीने त्याचा ‘आपका अभिजीत सावंत’ हा अल्बम काढला. म्हणजे त्याला जागा मिळाली होती. २००७ मध्ये ‘जुनून’ आला, २००९ मध्ये ‘लॉटरी’ या चित्रपटात त्याने कामही केलं. पण त्याच सुमारास कॅसेट आणि सीडीचा बाजार बसला आणि चित्रपटाबाहेरच्या गाण्याला पैसे घालणाऱ्या कंपन्या मागे सरल्या. २०२४ मध्ये अभिजीत पुन्हा चर्चेत आला तो ‘बिग बॉस मराठी’चा उपविजेता म्हणून. ‘इंडियन आयडॉल’च्या त्याच पहिल्या पर्वात तिसरा आलेला राहुल वैद्य हिंदी ‘बिग बॉस’चा उपविजेता झाला. हिंगणघाटची वैशाली माडे २००९ ची ‘सारेगमप’ विजेती. ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’पर्यंत पोचलेली ही गायिकाही २०१९ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या घरात दिसली. तिघांनाही त्याबद्दल बोल लावण्याचं कारण नाही, पोटापाण्याचा हिशोब ज्याचा त्याला ठाऊक. पण टीव्हीने जो चेहरा घडवला त्याचा पुढचा ग्राहकही टीव्हीच निघाला, ही गोष्ट बोलकी आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग श्रेया घोषाल? अरिजित सिंग? दोघांचाही इतिहास माझ्याच बाजूने साक्ष देतो. श्रेया लहानपणी ‘सारेगम’ जिंकली हे खरं, पण तिचं नाव झालं ते २००२ च्या ‘देवदास’मुळे, नव्या गाण्यांतून. अरिजित २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मध्ये अंतिम फेरीआधीच बाहेर पडला. त्यानंतर त्याने वर्षानुवर्षं संगीतकारांच्या हाताखाली स्टुडिओत काढली, आणि ‘तुम ही हो’ २०१३ मध्ये आलं. त्या स्पर्धेचे विजेते आज किती जणांना आठवतात? आर्या आंबेकरचं ‘चंद्रमुखी’तलं ‘बाई गं’ लोकांच्या तोंडी बसलं, तेही अजय-अतुलने तिला नवं गाणं दिलं म्हणून.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. टीव्ही नसता तर लातूरच्या मुलाला मुंबईत कुणी विचारलं असतं? मराठवाड्यात गाण्याच्या शिक्षणाची उणीव कधीच नव्हती. शास्त्रीय गायक पं. नाथराव नेरळकर मूळ नांदेडचेच. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, ‘संगीत शंकर दरबार’सारखा महोत्सव आहे. उणीव होती आणि आहे ती गाणं ध्वनिमुद्रित करून बाजारात नेणाऱ्या व्यवस्थेची. त्या पोकळीत टीव्हीने दार उघडलं. लातूरच्याच मंगेश बोरगावकरलाही ‘सारेगमप’नेच ओळख दिली. हे ऋण मान्य करायलाच हवं. फक्त दार म्हणजे घर नव्हे.

आणि घर चालतं कशावर? गणेशोत्सव, नवरात्र, महोत्सव, वाढदिवस यांच्या सुपाऱ्यांवर. बिदागी बरी मिळते, पण फर्माईश त्याच गाण्यांची होते जी गाऊन हा गायक टीव्हीवर गाजला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गायकालाही रॉयल्टीचा हक्क दिला, २०१३ मध्ये गायकांची ‘इस्रा’ ही संस्थाही उभी राहिली. पण ज्याच्या नावावर स्वतःची गाणीच मोजकी, त्याच्या हाती त्यातून काय पडणार? याउलट कडूबाई खरात पाहा. स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत, हातात एकतारी. मोबाइलवरच्या व्हिडिओंतून ही बाई गावोगाव पोचली, कारण तिचं भीमगीत ऐकणाऱ्या समाजाला ते आपलं वाटत होतं आणि ऐकताना कुणालाही दुसऱ्या गायिकेची आठवण येत नव्हती. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मंचावर नवं गाणं चालतं, किंबहुना ते मागितलं जातं. मराठी पॉपला असा श्रोता अजून घडवता आलेला नाही, आणि त्याचं खापर एकट्या वाहिन्यांवर फोडता येत नाही.

म्हणून नांदेड-लातूरच्या मंडळांना आणि महोत्सवांच्या संयोजकांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळी टीव्हीवर गाजलेल्या गायकाला सुपारी द्याल तेव्हा त्याची स्वतःची दोन नवी गाणी कार्यक्रमपत्रिकेत आधीच छापा, आणि ती सुरू असताना जुन्या गाण्याची फर्माईश करू नका.