पारदर्शक स्तरपटाच्या पेटंटातील ‘निष्णात’

पारदर्शक पापुद्र्यांमध्ये तांब्याची सूक्ष्म जाळी बसविलेल्या स्तरपटासाठी पेटंट मागताना रचनेऐवजी फलिताचे आकडेच दाव्यात मांडण्याची एक रीत आहे. ५ मायक्रॉन रुंदीची रेषा उभ्या-आडव्या दिशांनी दर २०० मायक्रॉनांवर एक आली, की सुमारे ९५ टक्के क्षेत्र उघडे राहते. हा गुणाकार झाला. त्याला शोध म्हणता येत नाही.

खरा पेच निराळाच आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या, २००५ साली दुरुस्त झालेल्या, कलम २(१)(जेए) नुसार शोध त्या विद्येतील निष्णातास सहज सुचणारा नसावा. परंतु स्तरपटाची विद्या कोणती? शिरूर तालुक्यात रांजणगावी विद्युत उपकरणे बनतात, दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायने. रांजणगावच्या अभियंत्यास अपूर्व वाटणारा चिकटद्रव कुरकुंभच्या रसायनज्ञाच्या नित्य व्यवहारातला असू शकेल. परीक्षकाने एकाचीच दृष्टी स्वीकारली, तर साधी जुळणीही शोध ठरते. दोघांचे समग्र ज्ञान एकाच मस्तकात कल्पिले, तर शोध म्हणून काही उरतच नाही. (असा सर्वज्ञ कोणत्याही कारखान्यास अद्याप लाभलेला नाही.)

म्हणून दोन्ही विद्या जेथे एकमेकींस अडवितात, तेथेच परीक्षकाने थांबावे. चिकटद्रवातील आम्लाने तांबे कळकते व जाळीचा विद्युत्‌रोध वाढतो. ही अडचण संयोगातूनच उपजते. तिच्यावरील नवा उपाय नेमका सांगितला असेल, तर त्याचा गंभीरपणे विचार व्हावा. तो रोधाच्या आकड्याआड दडविला असेल, तर कलम १०(४) ला अभिप्रेत असलेले पूर्ण वर्णन झालेले नाही, असेच म्हणावे लागते.