रंगपट आणि रंगमंच : ‘डान्सिंग ॲट द ब्लू इग्वाना’मधील समूहकथा

एका व्यक्तीच्या जीवनाऐवजी समान परिस्थितीत वावरणाऱ्या अनेकांच्या जीवनाला विषय करणाऱ्या कलाकृतीपुढे एकात्मतेचा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो. स्थळ एक आहे, व्यवसाय एक आहे, एवढ्याने कलाकृती एक होत नाही. मायकल रॅडफर्ड यांनी दिग्दर्शित केलेला ‘डान्सिंग ॲट द ब्लू इग्वाना’ (2000) हा अमेरिकन चित्रपट या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. लॉस एंजेलिसच्या सान फर्नांडो खोऱ्यातील एका नाइटक्लबमध्ये ग्राहकांसमोर वस्त्रे उतरवीत नाचणाऱ्या पाच स्त्रियांची ही कथा आहे. तिचे यश आणि अपयश या दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या चित्रपटाची निर्मितिप्रक्रिया नेहमीपेक्षा वेगळी होती. पटकथा हाती घेऊन नटी निवडण्याऐवजी रॅडफर्ड यांनी प्रथम नटनटींना एकत्र आणले. उत्स्फूर्त अभिनयाच्या दीर्घ सरावातून प्रत्येकीने आपापले पात्र घडविले व त्यांतून पुढे कथानक सिद्ध झाले. इंग्लंडमध्ये माइक ली यांनी याच जातीची पद्धती दीर्घकाळ वापरली आहे. तथापि येथे या पद्धतीला एक निराळा नैतिक अर्थ प्राप्त होतो. ज्यांच्याकडे केवळ पाहिले जाते, अशा स्त्रियांच्या भूमिकांना येथे स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार प्रथम मिळतो.

या अधिकाराचे फळ रंगपटातील प्रसंगांत दिसते. आरशासमोर चेहरा रंगवीत असता होणारी भांडणे, उसनवारी, थट्टा आणि एकमेकींना दिलेला अर्धवट धीर यांत पाचही जणी सहजपणे आपापले स्वत्व प्रकट करतात. पालक म्हणून एखादे मूल मिळावे यासाठी धडपडणारी एंजल (डॅरिल हॅना), गरोदरपणामुळे संतापलेली व आतून भ्यालेली जो (जेनिफर टिली), नवखी जेसी (शार्लट अयाना), भावाशी असलेल्या निषिद्ध संबंधाचे ओझे वाहणारी स्टॉर्मी (शीला केली) आणि गुपचूप कविता लिहिणारी जॅस्मिन (सँड्रा ओ) या व्यक्तिरेखा परस्परांपासून स्पष्टपणे भिन्न आहेत. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद, विरोध आणि समतोल यांचा जो विचार केला, त्याची आठवण येथे व्हावी. रंगपटात हे तीनही संबंध प्रत्ययास येतात. कथानके एकमेकांत गुंतलेली नसूनही जीवने गुंतलेली वाटतात.

परंतु रंगपटाबाहेर पाऊल पडताच हा समतोल ढळतो. प्रत्येक नटीने आपल्या पात्राला आपले स्वतंत्र दुःख दिले असल्यामुळे पाच दुःखे शेजारी शेजारी उभी राहतात. त्यांना एकत्र बांधण्यासाठी आणलेली साधने मात्र उसनी आहेत. क्लबसमोर मुक्काम करून एंजलवर दुरून अनुरक्त झालेला रशियन मारेकरी साशा हे याचे ठळक उदाहरण होय. व्लादिमिर माश्कोव्ह यांच्या अभिनयाला बोल लावण्याचे कारण नाही; दोष योजनेचा आहे. दुरून पाहणारा हा पुरुष एंजलभोवती एक अद्भुत प्रेमकथा विणतो. क्लबमधील ग्राहकही निराळे काय करतो? समोर नाचणाऱ्या स्त्रीला तो आपल्या मनातील एक गोष्ट बहाल करतो. ग्राहकाच्या या दृष्टीची चिकित्सा करावयास निघालेला चित्रपट येथे नकळत तिच्याच आश्रयाला जातो.

याउलट जॅस्मिनच्या उपकथानकात चित्रपटाने आपली खरी उंची गाठली आहे. कविता हे तिचे असे एकमेव ठिकाण आहे, जेथे तिच्याकडे पाहिले जात नाही, तिचे ऐकले जाते. काव्यवाचनातून तिला जवळीक मिळते. पण ही जवळीक आणि क्लबचा रंगमंच ही दोन जगे समोरासमोर येताच ऐकणे पुन्हा पाहण्यात विरून जाते. येथे बाहेरून आणलेल्या घटनेची गरज पडत नाही. व्यवसायाचे स्वरूपच शोकात्म संघर्ष निर्माण करते.

तुलनेसाठी दोन चित्रपट घेता येतील. जॉन कॅसाव्हेटीस यांच्या ‘द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी’मध्ये (1976) क्लबचा मालक केंद्रस्थानी असल्याने एकात्मता साधते, पण नर्तकी परिघावर राहतात. आपल्याकडील मधुर भांडारकर यांच्या ‘चांदनी बार’मध्ये (2001) मुंबईच्या बारमधील मुमताज या एकाच स्त्रीचे जीवन दंगल, दारिद्र्य आणि गुन्हेगारी यांच्या कार्यकारणशृंखलेत बसविले आहे. तेथे सामाजिक कारणमीमांसा ठसठशीत आहे, पण सहव्यवसायी स्त्रियांचा समूह पार्श्वभूमीच ठरतो. रॅडफर्ड यांनी नर्तकींचा समूहच नायकपदी बसविण्याचे धाडस केले, हे त्यांचे वेगळेपण होय.

हे धाडस पूर्णतः फळास आले नाही, हे मान्य करावे लागते. तरीही या अपूर्णतेतून एक तत्त्व हाती लागते. समूहकथेची एकात्मता घटनांच्या गुंफणीत नसून व्यक्तींच्या परस्परसान्निध्यात असते. ज्या क्षणी कलावंत आपल्या पात्रांना गोष्ट देण्याची घाई सोडून त्यांच्याजवळ नुसता बसतो, त्या क्षणी तो ग्राहक राहत नाही. ‘ब्लू इग्वाना’च्या रंगपटात हे काही काळ घडते, म्हणून हा सदोष चित्रपट अभ्यासनीय ठरतो.